किनाऱ्यापासून दोन मिलिमीटर

पेडणे महालातले धारगळ हे गाव समुद्राचे म्हणावे तर त्याला किनारा नाही, आणि निव्वळ डोंगरपठाराचे म्हणावे तर त्याच्या दक्षिणेची नदी रोज दोन वेळा समुद्राच्या आज्ञेने फुगते आणि ओसरते. तिळारीच्या खोऱ्यातून उतरणारी आणि खाली येता येता शापोरा हे नाव धारण करणारी ही नदी कोलवाळच्या बाजूने वळत जाऊन, शिवोली आणि चोपडे यांच्या मधून मोरजीच्या वाळूपाशी सागराला मिळते. तिच्या पैलतीरी बारदेश आणि ऐलतीरी पेडणे. 1788 साली पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती जाईपर्यंत हीच नदी दोन दौलतींची सरहद्द होती, दक्षिणेस फिरंग्यांचा अंमल आणि उत्तरेस सावंतवाडीकर भोसल्यांचा. गावापासून समुद्र सरळ रेषेत फार तर दहाबारा किलोमीटर. आता तेराव्या-चौदाव्या शतकांत भूमध्य समुद्रावर जे नौकानकाशे चालत, त्यांचे प्रमाण साधारणपणे पंचावन्न लाखांस एक असे. त्या प्रमाणाने आपला किनारा कोणी रेखाटला असता तर तेरेखोलपासून पोळ्यापर्यंतचा अवघा गोवा दोन सेंटिमीटरही भरला नसता, आणि धारगळ त्या रेषेपासून आत दोन मिलिमीटरांवर पडले असते. पडले असते म्हणजे काय, झाकले गेले असते. कारण त्या नकाशांत बंदरांची नावे समुद्रात न लिहिता किनाऱ्याशी काटकोन करून जमिनीवर लिहिण्याची रीत होती, आणि कोण्या बंदराच्या नावाचे पहिलेच अक्षर ह्या गावाच्या छातीवर बसले असते.

ही रीत समजली म्हणजे त्या नकाशांचे निम्मे मर्म समजले. समुद्र मोकळा ठेवायचा, कारण तेथे दिशारेषा ओढायच्या आहेत आणि कर्कटकाची टोके चालवायची आहेत. जमीन मात्र रिकामीच आहे, तिच्यावर नावे लिहिली तरी कोणाचे काय बिघडणार? नाव वाचण्यासाठी नकाशाचे चामडे हातात फिरवावे लागे, म्हणून ह्या नकाशांना वरची आणि खालची बाजू नव्हती. मोठी बंदरे तांबड्या शाईने, लहान काळ्या शाईने. खडकांना फुल्या, उथळ पाण्याला ठिपके. आणि भुशिरे व आखाते त्यांच्या खऱ्या मापापेक्षा मुद्दाम मोठी काढलेली, कारण प्रमाणाशी इमान राखले असते तर लेखणीच्या जाडीतच एखादी खाडी बुडून गेली असती. पोर्तोलान ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या नकाशांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा ‘पिसाचा नकाशा’ तेराव्या शतकाच्या अखेरचा असून तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अरागॉनच्या राजाने तर 1354 साली हुकूमच काढला की, आपल्या प्रत्येक गलबतावर असे दोन नकाशे असलेच पाहिजेत. दोन का, ह्याचे उत्तर ज्याचा एकुलता एक नकाशा कधी भिजला असेल त्याला विचारावे.

ह्या नकाशांच्या अचूकपणाने विद्वानांना जेवढे चकित केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही मध्ययुगीन वस्तूने क्वचितच केले असेल. टॉलेमीसारख्या गणिती भूगोलकाराने भूमध्य समुद्राची लांबी रेखांशाच्या 62 अंशांएवढी धरली होती, ती प्रत्यक्षात सुमारे 42 अंश आहे. आणि ज्यांना अक्षांश-रेखांशांशी काही कर्तव्य नव्हते अशा खलाश्यांच्या चामड्यांवर मात्र तोच समुद्र आपल्या खऱ्या लांबीरुंदीच्या प्रमाणात उतरलेला दिसतो. हे साधले कसे? सर्वसाधारण मत असे की, होकायंत्राने घेतलेली दिशा आणि अनुभवाने अंदाजलेले अंतर ह्या दोन साधनांनी शेकडो प्रवासांत जमलेली माहिती कोणी कुशल हाताने एकत्र बसवली. ह्या मताला रुल निकोलाय ह्या डच भूमापकाने 2014 सालच्या आपल्या प्रबंधात हरकत घेतली, आणि इतका अचूक नकाशा त्या काळच्या नाविकांच्या मोजमापांतून निघणेच अशक्य, त्याचे मूळ अधिक प्राचीन आणि अधिक शास्त्रीय असले पाहिजे, असे प्रतिपादन केले. पुष्कळांना ते पटलेले नाही. मला स्वतःला असे वाटते की, एकाच वाटेने पिढ्यानुपिढ्या जाणाऱ्या माणसांच्या अंदाजाला आपण घरात बसून फार हलके लेखतो. पण हा वाद केवळ वाटण्याने मिटणारा नाही हेही खरे.

एक दोष मात्र सर्वांना दिसतो आणि तो फार बोधप्रद आहे. ह्या नकाशांतला भूमध्य समुद्र घड्याळाच्या उलट दिशेने नऊ-दहा अंश कललेला असतो. पूर्वेचे टोक इतके उचललेले की जिब्राल्टरच्या पुष्कळ दक्षिणेस असलेले अलेक्झांड्रिया जवळजवळ त्याच्याच पातळीवर येऊ पाहते. कारण असे सांगतात की, त्या काळी त्या प्रदेशात चुंबकसूची खऱ्या उत्तरेकडे न वळता किंचित पूर्वेला झुके, आणि नकाशा सूचीने दाखवलेल्या उत्तरेवरच रचलेला. पण नाविकाच्या हातातली सूचीही तितकीच झुकलेली! नकाशा जेवढा चुकला तेवढेच होकायंत्र चुकले, आणि गलबत बिनचूक बंदरात पोचले. दोन सारख्या चुका एकमेकींना सावरून घेतात तेव्हा व्यवहार निर्वेध चालतो आणि शास्त्राला मात्र कळायला वेळ लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्याच किनाऱ्यावर एक गृहस्थ ती उकलताना भेटणार आहे.

आता आपल्या समुद्राकडे वळू. अरबी समुद्रावर मध्ययुगात नकाशे होते, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मार्को पोलोने ह्या समुद्रातील नाविकांच्या नकाशांचा उल्लेख केला आहे. आणि 1498 साली वास्को द गामा मालिंदीस थांबला असता ज्या गुजराती मालमाने त्याला वाट दाखवण्याचे पत्करले, त्याने हिंदुस्थानच्या अखंड किनाऱ्याचा एक नकाशा पुढे ठेवला, असे बारोस हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या नकाशावर युरोपी नकाशांतील दिशारेषांचे जाळे नव्हते. आडव्या आणि उभ्या रेषांनी पडलेले बारीक चौकोन होते. अल्बुकर्कनेही 1512 साली एका जावानी नाविकाच्या मोठ्या नकाशाची वाखाणणी आपल्या राजाला लिहून पाठवली, पण मूळ नकाशा आदल्या वर्षी जहाजासह बुडाला होता. ह्या सर्व कथांचा शेवट असाच आहे, की नकाशा होता आणि तो उरला नाही. आणि उरेल तरी कसा? जो कामास आला तो खाऱ्या पाण्याने, घामाने आणि वाळवीने खाल्ला. जो राजाच्या कपाटात गेला तोच आपल्यापर्यंत पोचला. सबब मध्ययुगीन नकाशांच्या अचूकपणाविषयी आपण जे काही बोलतो ते बव्हंशी न भिजलेल्या नकाशांवरून बोलतो.

परंतु आपल्या नाविकाची खरी भिस्त कागदावर नव्हती, बोटांवर होती. लाकडाची एक लहान फळी, तिच्या मध्यातून ओवलेली गाठींची दोरी. दोरीची नेमकी गाठ दातांत धरायची, फळी हात लांब करून डोळ्यांसमोर न्यायची, तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकली की अक्षांश मिळाला. अरबी नाविक ह्या साधनाला कमाल म्हणत, आणि उंची मोजण्याचे त्यांचे एकक म्हणजे बोट, त्यांच्या भाषेत इसबा. इब्न माजिद ह्या थोर दर्यावर्दी ग्रंथकाराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शास्त्र सविस्तर लिहून ठेवले. वर्तुळाची 224 बोटे. म्हणजे एक बोट एक अंश छत्तीस कलांचे. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता, त्यामुळे तो स्वतःच एक लहानसे वर्तुळ फिरे आणि कोणत्या घटकेस तो पाहिला ह्याचा हिशेब ठेवावा लागे. ज्याला आपण निश्चलतेचे प्रतीक मानून त्याची आख्याने गातो, तो तारा मालमाच्या लेखी एक चंचल नोकर होता.

ह्या बोटांनी आपला किनारा मोजून पाहू. गोव्याचे बंदर साडेपंधरा अंशांवर, चौल साडेअठरांवर. अंतर तीन अंश, म्हणजे दोन बोटांना थोडे कमी. आफ्रिकेहून किंवा एडनहून येणाऱ्याला चौलास जायचे की गोव्यास, हे कमाल निःसंशय सांगेल. परंतु निष्णात मालमसुद्धा पाव बोटापलीकडे सूक्ष्म मोजीत नसे, असे धरले, तर पाव बोट म्हणजे किनाऱ्यावरचे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. आणि आग्वादच्या टोकापासून तेरेखोलच्या मुखापर्यंतचे अंतर पंचवीसच्या आसपास. म्हणजे मांडवी, शापोरा आणि तेरेखोल ह्या तिन्ही नद्यांची मुखे, बारदेशाची आणि पेडण्याची सारी किनारपट्टी, त्या पाव बोटात मावते, नव्हे, त्यात तिला निम्मी जागा मोकळी राहते. आकाशाकडे पाहून एवढेच कळणार की आपण गोव्यासमोर आहोत. समोर दिसते ती खाडी कोणाची, तीत शिरावे की नाही, ह्याबद्दल आकाश मौन धरते. त्या काळी चुकीच्या खाडीत शिरणे ही साधी गफलत नव्हे. सोळाव्या शतकात एका मुखाच्या आत फिरंग्यांचे कौल तपासणारे बसलेले, तर तेरेखोल नदीवर आत बांद्यास आदिलशाहीचे जकात घेणारे.

तेथून पुढे वेगळी विद्या सुरू होई. किनारा दिसण्याच्याही आधी पाण्यात सर्प दिसू लागत, आणि समुद्री सर्प दिसले की हिंदुस्थान जवळ आला हे ज्ञान ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यापाशीही होते. मग पाण्याचा रंग पालटे. मग शिशाचा ओळंबा दोरीने सोडून किती वाव पाणी आहे ते पाहायचे, आणि त्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला वाळू चिकटून आली की चिखल, हेही पाहायचे. पहाटे जमिनीवरून मतलई सुटे, दुपारी समुद्रावरून खारा वारा भरे. ह्या दोहोंच्या पाळीवर शिडे सांभाळीत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या तांडेलाला कोणती टेकडी कोणत्या टेकडीमागून केव्हा डोकावते हे ठाऊक असे, आणि तेवढेच त्याला ठाऊक असावे लागे. ह्या विद्येचा नकाशा नव्हता. ती तोंडची होती, आणि बापाकडून मुलाकडे जाई.

ती प्रथम कागदावर नीट उतरवली ती एका परक्या माणसाने. दों जुआंव द कास्त्रो हा लिस्बनचा सरदारपुत्र, पेद्रु नुनिश ह्या गणितज्ञाच्या सहवासात वाढलेला, 1538 च्या सप्टेंबरात व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याच्या आरमाराबरोबर गोव्यास आला, आणि 21 नोव्हेंबरला दीवच्या मोहिमेवर निघाला. दीवला तुर्कांचा वेढा पडला होता, परंतु आरमार गोव्याहून निघण्यापूर्वीच तो उठला होता. तेव्हा घाई कसली उरली नव्हती, आणि इतिहासात दिरंगाईचा असा सदुपयोग फारच थोड्यांनी केला असेल. गोव्यापासून दीवपर्यंत खाडीमागून खाडी, टेकडीमागून टेकडी तो पाहत, मोजत आणि लिहीत गेला. कोणत्या मुखाशी किती वाव पाणी, वाळूचा बांध कोठे, आत शिरताना कोणता डोंगर कोणत्या हाताला ठेवावा. गोवे, दाभोळ, चौल, दीव अशा बंदरांची चित्रे, ज्यांत डोंगर, झाडी, गलबते आणि कोटसुद्धा दिसतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांना पोर्तुगीज ‘जळकी बेटे’ म्हणत. उत्तरेकडून गोव्यास येणाऱ्याला हे खडक आधी डाव्या की उजव्या हाताला ठेवायचे हे कळणे म्हणजे जीव वाचणे होते. आज त्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात आणि त्यांचे धोकेपण बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे.

कास्त्रोच्या वहीत नकाशा आणि वर्णन ही एकमेकांची पुरवणी आहेत, आणि मला तर वर्णनच मुख्य वाटते. कारण ते गलबताच्या गतीने चालते: आधी जे दिसते ते आधी, मागून दिसते ते मागून. नकाशा सारा किनारा एका दृष्टिक्षेपात मांडतो, पण समुद्रावर असा दृष्टिक्षेप कोणालाही मिळत नाही. हा मजकूर त्याने आपल्या नेत्रांनी पाहिलेल्या गोष्टींवर रचला. तरी पोर्तुगीज आरमारांत स्थानिक वाटाडे असत हे विसरू नये, आणि खडकांची, वाळूच्या बांधांची जी माहिती एका हंगामात जमणे शक्य नव्हते तिच्यामागे किती कोळ्यांची आणि तांडेलांची तोंडे असतील, त्याची नोंद त्या वहीने ठेवली नाही.

ह्या माणसाचे दुसरे कर्तृत्व चुंबकसूचीविषयी आहे. सकाळी सूर्य एका विशिष्ट उंचीवर असताना सावली कोठे पडते ते टिपायचे, दुपारनंतर तो तितक्याच उंचीवर आला की पुन्हा टिपायचे. दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. सूची तिच्यापासून किती ढळते ते मग कळते. नुनिशने सुचवलेल्या उपकरणाने कास्त्रोने अशी निरीक्षणे वारंवार केली, आणि भूमध्य समुद्रावरच्या नकाशेकारांनी ज्या दोन चुका नकळत एकत्र गुंफल्या होत्या त्या सोडवल्या: उत्तर वेगळी, सूचीची उत्तर वेगळी. सूचीच्या ढळण्यावरून रेखांश काढता येईल ही त्या काळची मोठी आशा होती. आपल्याच आकड्यांनी त्याने ती फोल ठरवली. जहाजावरची तोफ जवळ असली तर सूची बहकते हे त्याने हिंदुस्थानच्या वाटेवर असतानाच ताडले होते. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मुंबईच्या आखातात वसईच्या परिसरात, सूची अकारण ढळलेली पाहून त्याने दोष खडकांवर ठेवला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लोहयुक्त आणि चुंबकधर्मी आहे, ही गोष्ट आज भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. ती एका फिरंगी दर्यावर्द्याने उन्हात उभे राहून, सावल्या मोजून ओळखली. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि 1548 साली गोव्यातच वारला. गोवे ते दीव ही त्याची वही छापून प्रसिद्ध झाली 1843 साली, म्हणजे ज्या गलबतांच्या उपयोगासाठी ती लिहिली ती सारी कुजून गेल्यावर.

दरम्यान गोव्यातच एक नकाशेकार नावारूपाला आला. फर्नांव वाझ दोराद हा हिंदुस्थानात, बहुधा गोव्यातच, जन्मलेला. त्याचे हाती काढलेले नकाशासंग्रह 1568 ते 1580 ह्या काळातले असून आज ते लिस्बन, माद्रिद, म्युनिक अशा ठिकाणी जपलेले आहेत. 1568 चा पहिला संग्रह त्याने व्हाइसरॉय लुईश द आताईद यास अर्पण केला. रंग, सोने, ढाली, निशाणे. आणि मध्ये किनाऱ्याची ती नाजूक, आत्मविश्वासाने ओढलेली रेषा. हिंदुस्थानचा त्रिकोण त्यात ओळखू येतो, कारण सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याचे तंत्र एव्हाना नाविकांच्या हाती पक्के बसले होते. पूर्वपश्चिम अंतरे मात्र अंदाजाची, कारण रेखांशाची किल्ली अजून दोनशे वर्षे दूर होती. गोलावरची दिशा सपाट कागदावर सरळ रेषेने कशी दाखवावी ह्याचा उलगडा करणारा मर्केटरचा नकाशा पुढच्याच वर्षी, 1569 साली, निघाला. पण नाविकांनी तो आपलासा करण्यास पुढे फार काळ लागला. सामान्य तांडेलाला त्याची गरजही नव्हती. शंभर कोसांच्या किनाऱ्यावर पृथ्वीचा गोलपणा आडवा येत नाही, वाळूचा बांध येतो.

पोर्तुगीजांनी हे नकाशे आणि मार्गवर्णने दप्तरात जपून ठेवण्याची पराकाष्ठा केली, आणि त्यांना पाय फुटले. 1502 साली कान्तीनो नावाच्या हस्तकाने लिस्बनहून एक जगाचा नकाशा बारा सुवर्णमुद्रांना मिळवून इटलीत पोचवला होता. परंतु खरा घाव बसला तो गोव्यातून. आर्चबिशपच्या पदरी 1583 पासून पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्शोतेन ह्या डच तरुणाने जे ऐकले, वाचले आणि उतरून घेतले, ते 1596 साली आपल्या ग्रंथात छापून टाकले. गोवे साडेपंधरा अंशांवर आहे, हे त्यात लिहिलेले आहे, आणि आजच्या मोजणीलाही ते तसेच ठरते. डचांची जहाजे त्याच सुमारास पूर्वसमुद्रात आली.

आणि शापोरेचे मुख? आग्वादच्या बंदराची खोली, तेथला पावसाळ्यात मार्ग बंद करणारा वाळूचा बांध, ह्यांची वर्णने नकाशांत आणि ग्रंथांत येतात, कारण तेथे लिस्बनची गलबते येत. शापोरेत मचवे आणि होड्या. आगरवाड्याचे मीठ, वरच्या मुलखातले भात, नारळ आणि लाकूड. मोरजीसमोरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी बाहेर काढणारा माणूस आधी ओहोटीच्या वेळी उंचावर उभा राहून लाटा कोठे फुटतात ते पाहतो, किनाऱ्यावरची एक खूण मागच्या दुसऱ्या खुणेवर आणतो, आणि तेवढ्या रेषेवर होडी घालतो. मागल्या वर्षीची रेषा ह्या वर्षी उपयोगाची नाही. अशा जागेचा नकाशा कोणी कितीही अचूक काढला तरी तो काढल्याच्या दिवसापुरताच खरा.

धारगळच्या उत्तरेस मोपाच्या पठारावर आता विमानतळ झाला आहे. जगातल्या बहुतेक सर्व विमानतळांप्रमाणे त्याच्या धावपट्टीवरही मोठाले अंक रंगवलेले आहेत, आणि ते खऱ्या उत्तरेवरून नव्हे, चुंबकसूचीच्या उत्तरेवरून ठरवलेले असतात. सूची कालांतराने पुरेशी ढळली की असे अंक खोडून नवे रंगवावे लागतात. खाली शापोरेच्या काठच्या खाजनांत भरतीचे पाणी मानशीच्या दारापर्यंत येऊन थबकते. दोरादच्या चर्मपत्रांवर मात्र किनाऱ्याची रेषा ओलांडून पूर्वेला पाहावे तर नावांच्या ओळी सुरू होतात, आणि त्यांच्या खाली काय आहे ते समुद्रावरून येणाऱ्याने विचारलेले नाही.